डबे बघणाऱ्या बाया

रामहरीनं आपल्या लिंबाच्या बागेत पाऊल टाकताच सांगून टाकलं. बायांनी दिवसभर काट्यात हात घालायचा आणि मनात कुढत राहायचं, असा काही त्याचा बेत नव्हता. पण गोष्ट संध्याकाळपर्यंत पोटात ठेवणं त्याला जमत नसे, म्हणून त्यानं ती सकाळीच बायांच्या पोटात घातली आणि मोकळा झाला.

"आजचा तोडा शेवटचा," तो म्हणाला. "उद्यापासनं कुनी येऊ नका. कालव्याचं पानी लांबलंय, हिरीत बादली बुडत न्हाई. झाडं जगली तर पुढं बघू."

सहा बाया होत्या.  एकीनं डोक्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. दया वाकली आणि पहिल्या झाडाखाली शिरली.

लिंबाच्या झाडाखाली सरळ उभं राहता येत नाही. गुडघे मोडून, मान वाकडी करून आत शिरायचं आणि हाताला लागेल ते लिंबू पिरगाळून काढायचं. एक काटा चुकवायला गेलं की दुसरा बसतो, म्हणून सराईत बाया चुकवायच्या भानगडीत पडत नाहीत. दयाचे हात ओरखड्यांनी भरलेले होते. त्यांवर रस उतरला की पहिल्या वर्षी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता येत नव्हतं. तिची मुलगी प्रार्थना शेजारच्या झाडाखाली होती. बारावी झालेली, पुढं नर्सिंगला जायचं म्हणणारी, आणि चार महिन्यांपासून ते म्हणायचं सोडून दिलेली.

"आई," तिनं पानांतून विचारलं, "उद्यापासनं काय?"

"तोड गपचूप."

संध्याकाळी रामहरीनं हातावर रोज ठेवला आणि वर प्रत्येकीच्या ओटीत पसाभर पिवळी लिंबं घातली. पिवळी म्हणजे बाजारात न चालणारी. बायांनी ती घेतली. दयानंही घेतली.

त्यांची वाडी काष्टीपासून दोन कोसांवर. चाळीस उंबऱ्यांची ख्रिस्ती आळी, आळीच्या टोकाला चर्च आणि चर्चला लागून शाळेची जुनी खोली. त्या खोलीत पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या, त्या मूठ मंडळाच्या.

मूठ मंडळ म्हणजे फार मोठं काही नव्हतं. सकाळी भाकरीचं बघायच्या आधी बाईनं मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकायचं. रोज एक मूठ. कुणाच्या तरी आजेसासूपासून चालत आलेली चाल. दर शनिवारी मंडळाच्या बाया टोपल्या घेऊन दारोदार फिरायच्या, मुठी गोळा करायच्या, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार, त्यांना ते धान्य तोलून द्यायचं. जात विचारायची नाही, चर्चला येता का तेही विचारायचं नाही. पुढं पुढं आळीबाहेरच्या बायाही मूठ टाकायला लागल्या होत्या.

दया अकरा वर्षं या मंडळात होती. वही इंदूबाईंकडं, कारण त्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. तराजू दयाकडं, कारण तिचा हात हलत नाही असा तिचा लौकिक. आणि डबे बघायचा नियम तर तिनंच आणलेला. सात वर्षांपूर्वी एका बाप्यानं मंडळाचं धान्य काष्टीच्या बाजारात विकून त्याची दारू ढोसली, तेव्हा दया बैठकीत ताडकन उठली होती. "तोंडाकडं बघून देऊ नका," ती म्हणाली होती, "डब्याकडं बघून द्या."

तेव्हापासून नवं नाव लिहायचं असेल किंवा जुन्याबद्दल शंका आली, तर दोघी बाया त्या घरी जायच्या आणि डबे उघडायच्या. दया नुसतं झाकण उघडून थांबत नसे. आधी डब्याला टिचकी मारायची, मग बाही वर करून कोपरापर्यंत हात घालायची. वर कोंडा पसरून तळाला गहू लपवणारे महाभाग तिनं पाहिले होते. लोक असलेलं नाही म्हणून सांगतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नसलेलं आहे म्हणून दाखवणारंही कुणी असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर गहिनीनाथ आबांचं नाव तिनंच खोडायला लावलं. एकटा म्हातारा, मागंपुढं कुणी नाही. डबा उघडला तर गळ्यापर्यंत ज्वारी. तिनं कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ वर काढली आणि त्यांच्यापुढं धरली होती.

"आबा, ही काय?"

"हाय थोडी," आबा भिंतीकडं बघत म्हणाले होते.

आता दयाच्या घरात दोन डबे होते आणि दोन्ही टिचकी मारली की खणखण वाजत होते.

डेव्हिड, तिचा नवरा, गवंडी. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. चर्चच्या पायऱ्या त्याच्या हातच्या, आळीतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात काष्टीला एका बांधकामावर विटेवर थापी ठेवता ठेवता तो खाली बसला तो उठलाच नाही. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आणि बजावून सांगितलं की उपाशीपोटी ती कधीच द्यायची नाही. गोळी दवाखान्यातून फुकट मिळत होती. तिच्या आधी पोटात घालायचं मात्र घरचंच लागत होतं.

रेशनचं धान्य यायचं, तेही दोन महिन्यांपासून बंद होतं. नव्यानं अंगठे द्या म्हणाले. डेव्हिडच्या बोटांचे ठसे सिमेंटनं कधीच खाऊन टाकले होते आणि दयाची बोटं काट्यांनी चाळणी झालेली. मशीन दोघांनाही ओळखेना. प्रार्थनाचं नाव तर कार्डावर चढवायचंच राहिलं होतं. दुकानदार बरा माणूस होता, त्यानं चार वेळा अंगठा पुसून पुसून लावायला लावला. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

त्या रात्रीच्या जेवणाला दयानं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून घाटा शिजवला. डेव्हिडची मान उशीवर टेकवून चमच्यानं त्याला भरवला. अर्धा तोंडाच्या उजव्या कडेनं बाहेर आला, तो तिनं बोटानं निपटून परत आत घातला. वाया घालवण्याजोगं काही नव्हतं.

"आई," प्रार्थना म्हणाली, "इंदूबाईंना सांग की."

"काय सांगू?"

"आपलं नाव लिवा म्हनावं."

"आपुन देनारी मानसं."

"काय देतो आपुन? सकाळी पप्पांना अर्धी वाटी घाटा दिलास, आन् मूठ मात्र टाकलीस."

"अकरा वर्सं टाकलीय. एक दिस चुकली न्हाई."

"मग पप्पांची गोळी चुकंल आता," प्रार्थना म्हणाली आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

 पोरीचं चुकत नाही हे दयाला कळत होतं. पण कळणं एकीकडं राहिलं होतं आणि ती दुसरीकडं बसली होती. मधे काय होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पुरुषमाणसं काष्टीच्या बाजाराला गेलेली. दयानं टोपली घेतली आणि नेहमीप्रमाणं वरच्या आळीला निघाली. खालच्या आळीला, म्हणजे तिच्या स्वतःच्या आळीला, इंदूबाई जायच्या. दारोदार "मूठ हो" म्हणत ती उभी राहिली, बायांनी डबे आणून टोपलीत पालथे केले. पाणी नाही, काम नाही, तरी डबे पालथे होत होते. कुणाच्या डब्यात आधीपेक्षा कमी निघालं तर ती बाई आपणहून कारण सांगायची. दया म्हणायची, "असू द्या, देव मुठीचा आकार बघत न्हाई." हे वाक्य ती अकरा वर्षं म्हणत आली होती आणि आजही ते आपोआप तोंडून निघालं.

शाळेच्या खोलीत ती टोपली रिकामी करत असताना इंदूबाई आल्या. चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. अवघड काही बोलायचं असलं की त्या चष्मा पुसत.

"दयाबाई, प्रार्थना काय म्हणत होती मघाशी?"

"काय म्हनत हुती?"

"आमचं नाव लिहा म्हणाली."

कोठीत धान्य पडत होतं. ते सगळं पडून होईपर्यंत दयानं टोपली धरून ठेवली. एक "व्हय" म्हटलं की संपत होतं. इंदूबाईंनी तो शब्द पुढ्यात आणून ठेवल्यासारखंच होतं, नुसता उचलायचा होता.

"पोर हाय," दया म्हणाली. "तिला कालिजाला जायाचंय. म्हनून कायबी बोलती."

"तसं असेल तर बरंच आहे," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. "तरी पण आता तिनं सांगितलंय, तर नियम म्हणून गुरुवारी येऊन जातो. नियम तुमचाच. मंडळाच्या बाईला वेगळा न्याय, असं कुणी म्हणायला नको."

"या की," दया म्हणाली.

रविवार, सोमवार, मंगळवार गेले. प्रार्थना एका कांदाचाळीत कांदे निवडायला दोन दिवस गेली. सडक्या कांद्याचा वास अंगाला लागून आली आणि तिसऱ्या दिवशी तिथलंही काम संपलं. आणलेल्या पिठात दयानं पाणी वाढवलं. डेव्हिडला आधी, मग पोरीला, मग स्वतःला. स्वतःची पाळी आली की ती म्हणायची, मी मघाशी खाल्लं. ऊन इतकं होतं की पत्रा दुपारी आपसूक कडकड वाजायचा. दया भिंतीला टेकून बसून राहायची. तिच्या मनात काही यायचंच नाही. काळजीसुद्धा येत नव्हती, आणि तेच तिला जरा विचित्र वाटायचं.

एवढं मात्र मनात पक्कं होतं, गुरुवारी बाया येणार.

बुधवारी दुपारी ती पाटी घेऊन ओढ्यापलीकडं सविताकडं गेली. सविता तिच्या वयाची. नवरा सुनील टेम्पो चालवायचा, घरात दोन पोती ज्वारी असायची, आणि ख्रिस्ती नसूनही सविता दर शनिवारी मूठ द्यायची.

"सविता, पायली-दोन पायली जवारी दे उसनी. परवा आनून देती."

"परवा?" सवितानं तिच्याकडं नीट पाहिलं. "परवा कुठनं आननार?"

"हीच आनून देती. पाव्हनं यायचेत उद्या."

सविता हळूच म्हणाली, "डबे बघायला येत्यात का?"

दया पाटीच्या कडेचा निघालेला तुकडा बोटानं दाबत राहिली.

"अवं ताई, लाजायचं काय त्यात. गहिनीनाथ आबांनीबी माझ्याकडनंच नेली हुती."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी. तुमी येनार हुता न्हवं त्यांच्याकडं, तवा. म्हातारं म्हनलं, बाया माघारी गेल्या की लगीच आनून देतो. आनून दिली बी. एक दाना कमी न्हवता."

"त्यांना कशाला पायजे हुती? रिकामाच डबा बघायचा हुता आमाला."

"तुमाला बघायचा हुता," सविता म्हणाली. "त्यांना दावायचा न्हवता. बाईमानूस दारात आल्यावर रिकामा डबा फुडं करायचा व्हय? त्यापरीस मरन बरं."

दयाच्या हाताला आबांच्या डब्यातली ज्वारी आठवली. थंड होती. तिनं ती वर काढली होती आणि म्हाताऱ्याच्या नाकापुढं धरली होती. ही आठवण येताना तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं, निदान खाली बसावंसं तरी वाटायला हवं. तसं काही झालं नाही.

"घालू का?" सविता माप घेऊन उभी होती. "आन् मी काय म्हंते, ही खावा की. परत कशाला आनताय?"

"न्हाई," दया म्हणाली. "उसनी दे."

ओढ्याच्या अलीकडं हातपंपापाशी आबा बसलेले होते. पंपाला पाणी नव्हतं, पण तिथं सावली होती. डोक्यावर पाटी घेऊन येणारी दया त्यांना लांबूनच दिसली. ती वाट बदलू शकली असती. तिनं बदलली नाही.

"रामराम, बाई."

"रामराम, आबा."

आबांनी पाटीकडं पाहिलं, मग ती कुठून येते आहे तिकडं पाहिलं. त्यांना सगळं समजलं, आणि समजल्याचं त्यांनी लपवलं नाही.

"कवा येनार हायेत?"

"उद्या."

"कोन? इंदूबाई?"

"व्हय. आन् नव्या पाळकबाई."

आबा मान हलवत विचार करत राहिले. एखाद्याला बैल कुठून घ्यावा हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात ते म्हणाले, "मला लई आनावी लागली हुती. तुमचा हात लांब. पार तळाला जायाचा. तुमच्याकडं तसा कोन घालनार न्हाई. डब्यात खाली पातेलं पालथं घाला आन् वर जवारी वता. निम्म्यात भागंल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर दयाला सोपं गेलं असतं.

"बरं," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली. घरी आल्यावर तिनं एका डब्यात पातेलं पालथं घातलं, दुसऱ्यात एक टोप, आणि वरून ज्वारी ओतली. खरंच निम्म्यात भागलं.

गुरुवारी सकाळीच तिनं प्रार्थनाला ओढ्याच्या वरच्या अंगाला जळण आणायला पाठवून दिलं. पोरीनं एकदा आईकडं पाहिलं, पण गेली. दहाच्या सुमारास इंदूबाई आल्या. बरोबर नवी पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांची बायको, रुचाबाई. पुण्याच्या बाजूच्या, वयानं लहान, वाडीत येऊन तीनच महिने झालेले. दोघींनी "सलाम" केला. दयानंही "सलाम" म्हणून चटई टाकली आणि रामहरीच्या पिवळ्या लिंबांचं पाणी केलं. साखर नव्हती, मीठ घातलं.

"उन्हाचं मिठाचंच चांगलं," ती म्हणाली.

दोघी डेव्हिडपाशी जाऊन बसल्या. इंदूबाईंनी त्याचा डावा हात हातात घेतला. "मिस्त्री, ओळखलं का?" डेव्हिडनं मान हलवली. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. इंदूबाईंची नजर तिथं थांबली, पण आजारी माणूस वाळतोच, असं त्यांनी स्वतःलाच समजावलेलं दिसलं. रुचाबाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं.

मग इंदूबाई चष्मा पुसू लागल्या. शेवटी दयाच म्हणाली, "बघा की. त्यासाठी आलात न्हवं."

चुलीजवळ फळीखाली डबे होते. इंदूबाई वाकल्या. पहिल्याचं झाकण उघडलं, दुसऱ्याचं उघडलं. ज्वारी, पांढरी, स्वच्छ. इंदूबाईंच्या तोंडावरचा ताण उतरला.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्या रुचाबाईंना म्हणाल्या.

रुचाबाई नवीन होत्या, पण वाडीतल्या बायांनी त्यांना सगळी रीत सांगून ठेवली होती. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि पहिल्या डब्याकडं हात नेला. दयाचे डोळे त्या हातावर खिळले. हात पांढरा होता, कोवळा, त्यावर एकही ओरखडा नव्हता. बोटं ज्वारीला लागली. आणि त्या क्षणी दयाला कळलं की तो हात आत जावा असं तिला वाटतंय. पार कोपरापर्यंत. पातेल्याच्या बुडाला लागावा. तिनं काही बोलू नये आणि तरी सगळं कळावं, एवढंच तिला हवं होतं. बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, पण कुणी तिच्या डब्यात हात घातला असता तर ती आडवी आली नसती.

"असू द्या हो," इंदूबाईंनी रुचाबाईंचं मनगट धरलं. "दयाबाईंच्या डब्यात हात घालायचा? त्यांनी सगळ्या गावाचे डबे तपासलेत."

रुचाबाई ओशाळल्या. "नाही, तसं नाही, मी आपली..." म्हणत त्यांनी हात मागं घेतला. बोटांना चिकटलेले दोन दाणे त्यांनी परत डब्यात टाकले. दयानं झाकणं लावली.

दारात इंदूबाई थांबल्या आणि त्यांनी दयाच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढ्या अडचणीत घर राखलंत हो. नाव लिहायची पाळी आली नाही, देवाची कृपा."

"व्हय," दया म्हणाली.

दुपारी प्रार्थना मोळी टाकून घरात आली आणि पाणी प्यायच्याही आधी विचारलं, "आल्या हुत्या का?"

"आल्या हुत्या."

"मग? लिवलं?"

"डबे भरल्यात म्हनल्या."

प्रार्थनाला आधी कळलंच नाही. ती फळीपाशी गेली, झाकण उघडलं, ज्वारी पाहिली. मग तिनं हात घातला. पातेल्यावर नखं वाजली. ती तशीच बसून राहिली, हात डब्यात. पोरगी आता काही बोलेल म्हणून दया वाट पाहत राहिली. ओरडली असती, भांडली असती, तरी चाललं असतं. प्रार्थनानं पाटी ओढली, ज्वारी तिच्यात काढली, पातेलं आणि टोप बाहेर काढून ठेवले आणि सांडलेले दाणे एकेक करून वेचले.

"सविताकाकूची ना?"

"तुला कसं कळलं?"

"दुसरं कोन देतंय मापानं," पोरगी म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या उन्हात परत निघाली.

त्या दिवशी डेव्हिडला गोळी दिली नाही. शुक्रवारी सवितानं पाटी परत पाठवली आणि तिच्यात दोन भाकरी निघाल्या, तेव्हा दिली. शनिवारी पुन्हा दिली नाही. संध्याकाळी तो डोकं धरून कण्हत होता आणि दया त्याच्या कपाळावर ओलं फडकं बदलत होती. त्या शनिवारी ती टोपली घेऊन वरच्या आळीला गेली होती. तिच्या स्वतःच्या दारात इंदूबाई आल्या तेव्हा प्रार्थनानं आतून कडी लावून घेतली होती. मिस्त्रींना झोप लागली असेल म्हणून इंदूबाई पुढं गेल्या.

रविवार महिन्याचा पहिला. चर्चच्या व्हरांड्यात तराजू मांडून ठेवला होता, यादीतली सात घरं बाहेर सावलीला पिशव्या घेऊन बसली होती. आत पंखे फिरत होते. दया बायांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, प्रार्थना शेजारी. प्रवचन झालं, मग साक्षीची वेळ आली. देवानं आपल्यासाठी काय केलं हे एकेकानं उभं राहून सांगायचं आणि मंडळीनं वाक्यावाक्याला "आमेन" म्हणून त्याला धीर द्यायचा, अशी तिथली रीत. सगळ्यांत मोठा "आमेन" कल्याणबाबांचा. पुढच्या बाकावरचे ऐंशीच्या घरातले म्हातारे, कानांनी अधू; शब्द कळत नसत. बोलणाऱ्याचा आवाज थांबला की ते "आमेन" म्हणत.

दोघांतिघांच्या साक्षी झाल्या. कुणाची म्हैस वाचली होती, कुणाचा मुलगा पास झाला होता. मग रुचाबाई उभ्या राहिल्या. मनानं चांगल्या होत्या, आणि गुरुवारचा तो ओशाळवाणा क्षण त्यांना भरून काढायचा होता.

"मला दयाबाईंबद्दल सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मिस्त्री चार महिने अंथरुणाला आहेत. घरात कमावणारं कुणी नाही. तरी त्यांचे डबे भरलेले आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. बायबलमधल्या सारफथच्या विधवेचं पीठ दुष्काळात सरलं नाही, तसं. दयाबाईंनी साक्ष द्यावी, अशी माझी विनंती आहे."

"आमेन," मंडळी म्हणाली. सगळ्या बायांनी वळून दयाकडं पाहिलं. कौतुकानंच पाहिलं. प्रार्थनानं खाली मान घातली.

दया उठली. पुढच्या बाकाची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली.

"सलाम," ती म्हणाली.

"सलाम."

"चार म्हैनं झालं, हे आंथरुनाला हायेत."

"आमेन."

"देवानं आमाला आजवर चालवलं." हे आपोआप आलं, सगळेच म्हणतात तसं.

"आमेन."

"गुरुवारी इंदूबाई आन् रुचाबाई घरी आल्या. डबे उघडून बघितलं."

"आमेन."

"त्यात सविताची जवारी हुती. उसनी आनल्याली. खाली पातेलं पालथं घातलं हुतं."

काहींनी "आमेन" म्हटलं, काहींचं अर्ध्यावर राहिलं. दयाचा आवाज चढला नव्हता की कापत नव्हता. दुकानात सामानाची यादी सांगावी तशी ती सांगत होती.

"गहिनीनाथ आबांच्या डब्यातबी सविताचीच हुती. मी तळापतुर हात घालून बघितली. आन् नाव खोडाय लावलं."

आता कुणी काही म्हणालं नाही. वरचा पंखा फिरताना खडखडत होता. इंदूबाईंनी चष्मा काढला होता, पण पुसत नव्हत्या, नुसता हातात धरून बसल्या होत्या.

"माझ्या घरात दाना न्हाई," दया म्हणाली. "काल ह्यांना गोळी दिली न्हाई."

ती थांबली.

"आमेन," कल्याणबाबा मोठ्यानं म्हणाले.

त्यांना गप्प करायला कुणीतरी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दया खाली बसली. पाळकांनी बराच वेळ पुस्तकाची पानं चाळली आणि शेवटी गीताचा नंबर सांगितला. मंडळी उभी राहिली. इंदूबाई उठल्या नाहीत. मांडीवरच्या पिशवीत त्या वही शोधत होत्या, आणि ती हाताला लागत नसल्यासारखी पुन्हा पुन्हा शोधत होत्या. दयाही उठली नव्हती. शेजारी बसलेल्या प्रार्थनानं बाकावर हात सरकवून आईचं मनगट धरलं.

लाज वाटेल असं दयाला वाटलं होतं. ती वाटली नाही. कितीतरी दिवसांनी तिला फक्त भूक लागली होती.